घडीचे दणकट चाकू: ताकद आणि दर्जा ताडून बघण्याची पद्धत

पाच मिलिमीटर जाडीचं पातं, टायटॅनियमची मूठ, पात्यावर कारागिराची खूण आणि लाखाच्या घरातली किंमत. असे दोन घडीचे चाकू शेजारी ठेवले आणि यातला मजबूत कोणता असं विचारलं, की बोट हमखास जाड पात्याकडे जातं. पण या वर्गातले चाकू पात्याच्या मधोमध क्वचितच तुटतात. ते दगा देतात सांध्यात: पिव्हटभोवती (ज्या खिळ्यावर पातं फिरतं तो), खटक्याच्या तोंडाशी (खटका म्हणजे उघडलेलं पातं जखडून ठेवणारा भाग), स्टॉप पिनपाशी (उघडताना पातं जिथे अडतं ती खीळ), नाहीतर अगदी टोकाला. म्हणून तुलना करायची ती सांध्यांची, आणि ती चाकू न मोडता घरच्या टेबलावर करता येते.

दुसरी गल्लत ताकद आणि दर्जा एकच समजण्याची. दर्जा म्हणजे मापांतला नेमकेपणा, जुळणी, घासाई, स्टीलला पाणी देण्यातली, म्हणजे तापवून-थंड करून कडक करण्यातली शिस्त. ताकद म्हणजे भार आल्यावर सगळ्यांत कच्चा भाग किती तग धरतो ते. चाकूकार ख्रिस रीव्ह यांचा सेबेंझा हा घडीचा चाकू जुळणीच्या बाबतीत मापदंड मानला जातो, तरी दार उचकटायला तो बनवलेला नाही. उलट कोल्ड स्टील या कंपनीचे ट्राय-ॲड जातीच्या खटक्याचे (त्याची रचना पुढे येते) कारखान्यात बनणारे चाकू सेबेंझाच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळतात, फिनिश साधंच असतं, पण पाठीवरून येणारा भार झेलण्यात ते अनेक महागड्या कस्टम, म्हणजे कारागिराने घडवलेल्या चाकूंना मागे टाकतात. वहीत सुरुवातीपासून दोन वेगळे रकाने आखा. एकाचे गुण दुसऱ्यात मिसळले की तुलना बिघडलीच.

भार कोणता, ते आधी

घडीच्या चाकूवर जोर चार तऱ्हांनी येतो. पाठीवरून आलेला जोर पातं मिटवू बघतो आणि तो सगळा खटक्यावर पडतो. हा सर्वांत धोक्याचा, कारण खटका सुटला की पातं थेट बोटांवर येतं. धारेकडून, म्हणजे नेहमीचं कापताना येणारा जोर पात्याचं बूड (मुठीत राहणारा पात्याचा भाग) स्टॉप पिनवर दाबतो. आडवा जोर उचकटताना येतो, तो पिव्हट, वॉशर, मुठीच्या पट्ट्या आणि टोक यांच्यात वाटला जातो. चौथा पिळाचा, लाकडात रुतलेलं पातं हलवून सोडवताना येणारा. फ्रेमलॉक आणि लायनरलॉकमध्ये (मुठीतली लवचिक पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकते असे खटके) पट्टी बाजूला सरकते ती बहुधा या पिळातच.

सांध्याला काय सोसावं लागतं याचा अंदाज साध्या तरफेच्या हिशेबाने येतो. पिव्हटपासून १०० मिमी अंतरावर पाठीवर १० किलोचा जोर दिला आणि खटका पिव्हटच्या मध्यापासून ७ मिमीवर टेकत असेल, तर खटक्याच्या त्या इवल्या तोंडावर सुमारे १४३ किलोचा दाब येतो. हेच अंतर ९ मिमी असेल तर दाब १११ किलोवर उतरतो. पात्याच्या जाडीत इथे काहीच फरक पडलेला नाही. रुंद बुडाचे चाकू हाताला ओबडधोबड वाटतात, पण त्या रुंदीचं कारण हेच आहे.

दोर, खोकी, केबलचं आवरण कापायचं असेल तर दुसरा भार महत्त्वाचा. लाकूडकाम असेल तर दुसरा आणि चौथा. बचावकार्यात तिसरा. अमेरिकेतल्या ओहायोचे चाकूकार रिक हिंडरर स्वतः अग्निशमन दलात होते आणि त्यांच्या एक्सएम-१८ या चाकूच्या घडणीत त्या वापराचा विचार दिसतो. तुमच्या कामात जो भार येणारच नाही त्यासाठी पैसे आणि वजन मोजायचं का, हे इथेच ठरवून टाकलेलं बरं.

कायद्याचंही इथेच उरकू. भारतात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं, घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामाची सोडून, शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. घडीचे बहुतेक चाकू या मापाच्या बरेच आत असतात, पण खिशात बाळगणं हा वेगळा प्रश्न आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघणाऱ्या मनाई आदेशांत चाकूचा स्पष्ट उल्लेख येतो, तेव्हा सण-निवडणुकीच्या दिवसांत खबरदारी घ्या. विमानात तो फक्त चेक-इन सामानातच. ब्रिटनमधल्या वाचकांनी लक्षात ठेवावं की तिथे पातं खटक्याने पक्कं होत असेल तर ते कितीही लहान असलं तरी सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगता येत नाही.

सामान आणि तयारी

०.०१ मिमी दाखवणारा डिजिटल व्हर्नियर, फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच), दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, काळा मार्कर, प्रवासाचं सामान तोलायचा हुकाचा काटा, चामडी हातमोजे, मास्किंग टेप, टी-६, टी-८ आणि टी-१० टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचे) स्क्रूड्रायव्हर, ६ मिमीची पितळी कांडी, नरम लाकडाचा ठोकळा. टॉर्क्सच्या टोकात काटकसर करू नका. स्वस्त टोक गोल होतं आणि जाताना स्क्रूचं डोकंही खराब करून जातं.

धारेवर दुमडलेल्या पुठ्ठ्याची पट्टी बसवा आणि वरून टेपचे तीन वेढे द्या. धारेजवळची मापं, पातं मिटावं लागतं त्या तपासण्या आणि स्टीलच्या धार-चाचण्या सोडून बाकी सगळं काम या आवरणासकट करायचं.

मापं

पात्याची जाडी तीन जागी घ्या: पिव्हटजवळ, मधोमध, आणि टोकापासून ५ मिमी मागे. आडव्या जोराला पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. बाकी घाट सारखा असेल तर ५ मिमीचं पातं ४ मिमीच्या जवळजवळ दुप्पट ताठ. पण हे पाठीच्या जाडीवरून ठरवाल तर फसाल. पाठ ५ मिमी आणि टोकामागे जेमतेम १ मिमी असे चाकू भरपूर आहेत आणि उचकटताना टोकच उडतं. ४ मिमीचं पातं टोकापर्यंत जाडी टिकवत असेल तर इथे तेच मजबूत.

मग धारेच्या लगेच मागची जाडी. धारेच्या अगदी काठचा दुसरा, बारीक उतार जिथे सुरू होतो तिथे व्हर्नियर हलक्या हाताने लावा. ०.४ ते ०.५ मिमी म्हणजे छान कापणारं पातं. ०.७ ते १ मिमी म्हणजे दणकट, पण बटाटा कापताना तो फाडल्यासारखा दुभंगेल. एक मिमीच्या पुढे गेलं की चाकू कापत नाही, ढकलतो. "हार्ड यूज" म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी चाकूंची खरी अडचण ही आहे: ताकदीच्या नावाखाली जाड धार ठेवायची म्हणजे घासाईची मेहनतही वाचते.

पिव्हटचा व्यास चाकू न उघडता नीट मोजता येत नाही, कारागिराला विचारा. ३/१६ इंच (४.७६ मिमी) आणि १/४ इंच (६.३५ मिमी) ही दोन मापं नेहमी भेटतात. भरीव असतील तर कातरजोर सोसण्याचं क्षेत्र दुसऱ्यात १.७८ पट. मात्र पिव्हट बहुधा आतून आटे पाडलेली नळी असते आणि तिच्या भिंतीची जाडीच खरी कामाची. शिवाय मोठ्या पिव्हटसाठी पात्याच्या बुडाला मोठं भोक पाडावं लागतं. भोकाच्या कडेपासून बुडाच्या बाहेरच्या कडेपर्यंत किती स्टील उरलं ते पाहा. पिव्हट जाड आणि त्याभोवतीची भिंत पातळ असेल तर कारागिराने एक सांधा पक्का करून शेजारचा कच्चा ठेवला आहे.

मूठ टायटॅनियमची असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. ६एएल-४व्ही या नेहमीच्या मिश्रधातूचा ताठरपणा स्टीलच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे, ११४ गिगापास्कलच्या आसपास, तर स्टीलचा २०० च्या आसपास. सारखा ताठपणा हवा तर टायटॅनियमची पट्टी सुमारे २० टक्के जाड लागते. तेवढी जाड करूनही वजन स्टीलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमीच राहतं, म्हणून ते वापरतात. टायटॅनियम वाकून परत येतं हा त्याचा गुण, स्टीलइतकं ताठ नाही ही त्याची मर्यादा. मुठीच्या दोन पट्ट्यांमधले खांब किती आणि कुठे आहेत तेही मोजा. पिव्हटच्या विरुद्ध टोकाला दोनच खांब असतील तर पिळाच्या जोरात मूठ सरकते. लांब बॅकस्पेसर (पट्ट्यांमधला सलग ठोकळा) किंवा एकाच ठोकळ्यातून कोरलेली मूठ इथे सरस ठरते.

खटका

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. आजच्या रूपातला लायनरलॉक अमेरिकेच्या मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणला. रीव्ह यांनी आतली पातळ पट्टी काढून मुठीच्या जाड पट्टीलाच खटका केलं. तोच फ्रेमलॉक, आणि कस्टम दणकट चाकूंत आज त्याचंच राज्य आहे. मूठ आवळून धरली की बोटं पट्टीला आत दाबतात, म्हणजे पकड जितकी घट्ट तितका खटका पक्का.

पातं पूर्ण उघडा आणि वरून बघा. लॉकबार, म्हणजे खटक्याची पट्टी, पात्याच्या बुडाच्या जाडीत किती आत आला आहे? नव्या चाकूत ३० ते ५० टक्के ठीक. २० टक्क्यांच्या आत असेल तर पट्टी निसटण्याची भीती, ७० च्या पुढे असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. टायटॅनियम मऊ, पातं कडक, त्यामुळे वापराने पट्टी हळूहळू पलीकडे सरकतेच. चांगल्या चाकूत ही झीज काही काळाने मंदावते, कारण दोन्ही तोंडं एकमेकांवर बसतात. झीज रोखायला आता पट्टीच्या टोकाला कडक स्टीलचा तुकडा स्क्रूने बसवतात. तो झिजला तर बदलता येतो. सेबेंझा ३१ मध्ये या जागी सिरॅमिकची गोळी आहे आणि तीच पातं मिटलेलं असताना त्याला धरून ठेवण्याचंही काम करते.

किती टक्के आत आली यापेक्षा पट्टी कुठे टेकते हे महत्त्वाचं. बुडाच्या उताराला मार्कर फासा, पातं वीस वेळा नेहमीच्या जोराने उघडमीट करा आणि भिंगाखाली बघा. शाई मुठीच्या तळाकडच्या, म्हणजे पिव्हटपासून लांबच्या भागात, आडव्या सलग पट्ट्यात पुसली गेली पाहिजे. एकाच कोपऱ्यावर ठिपका उमटला असेल तर तोंड नीट घासलेलं नाही. असा चाकू दुकानात घट्ट वाटतो आणि काही आठवड्यांत हलू लागतो. शाई पिव्हटच्या बाजूला पुसली असेल तर पात्याला वर-खाली झुलायला मोकळीक आहे. बुडाचा उतार सहसा ७ ते १० अंशांचा असतो. जास्त उतार असला तर दाबाखाली पट्टी बाहेर घसरते, कमी असला तर चिकटून बसते आणि अंगठ्याने सोडवताना नाकी नऊ येतात.

आता पट्टीचा पातळ केलेला भाग, जिथून ती वाकते. पाठीवरून जोर आला की ही पट्टी लांबीच्या दिशेने दाबली जाते आणि या जागी बाक येऊन ती दुमडते. हा ताठपणाही जाडीच्या घनानेच चालतो. १.४ मिमीचा भाग १ मिमीच्या जवळपास पावणेतीन पट ताठ. १.२ ते १.५ मिमी हे नेहमीचं चांगलं माप. १ मिमीच्या खाली असेल तर "दणकट" म्हणवून घेण्याचा हक्क गेला. या खाचेच्या आतल्या कोपऱ्यांना गोलाई आहे का, तेही बघा. काटकोनी कोपऱ्यात ताण साचतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

पट्टी बाहेरच्या बाजूला जास्त वाकू नये म्हणून अडथळा हवा. हिंडरर यांचा गोल चकतीचा लॉकबार स्टॅबिलायझर याचसाठी आहे. तो नसेल तर खटका सोडवताना अंगठ्याच्या जोराने पट्टी थोडीथोडी बाहेर वाकत जाते आणि तिची पकड ढिली पडते.

फ्रेमलॉकची तुलना दुसऱ्या जातीच्या खटक्याशी करत असाल तर आधी जोराची वाट समजून घ्या. अँड्र्यू डेमको यांच्या ट्राय-ॲडमध्ये पात्याचं बूड आणि मागची खटकादांडी यांच्यामध्ये जाड स्टॉप पिन असते. पाठीवरचा जोर दांडीच्या खिळ्यावर न जाता या पिनमधून मुठीत उतरतो, आणि दांडीचं भोक मुद्दाम किंचित सैल ठेवलेलं असल्याने झीज आपोआप भरून निघते. म्हणून निव्वळ भार झेलण्यात तो वरचढ. सोडवायला मात्र जड, आणि एका हाताने मिटवणं सवयीचं काम. बेंचमेड कंपनीने आणलेल्या ॲक्सिस प्रकारात आडवी दांडी दोन बारीक तारेच्या स्प्रिंगांवर असते. दांडी मजबूत असली तरी स्प्रिंग तुटणं हा ओळखीचा बिघाड आहे. एक तुटली तरी दुसरीवर काम चालतं. दोन्ही तुटल्या तर खटका उरत नाही.

पातं हलतं, पण कुठून?

पातं हलतं एवढं लिहून भागत नाही. मूठ टेबलावर दाबून धरा, पात्याचं टोक दोन बोटांत पकडून आधी आडवं हलवा. हालचाल जाणवली तर पिव्हट अष्टमांश फेरा घट्ट करून पुन्हा बघा. हालचाल गेली आणि पातं अजून सहज फिरतंय, तर दोष नव्हताच. हालचाल जाईपर्यंत पातं जाम होत असेल तर वॉशर झिजलेत किंवा भोक पिव्हटपेक्षा मोठं आहे. पिव्हट वारंवार सैल होत असेल तर निळा लॉकटाइट (स्क्रू जखडणारा डिंक), तोही थेंबाच्या निम्मा. लाल कधीही नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही.

मग पात्याची पाठ वर-खाली दाबा. इथे टकटक जाणवली तर पिव्हट कितीही घट्ट करा, जाणार नाही. हा दोष खटक्याच्या तोंडाचा किंवा स्टॉप पिनचा आहे. पात्याचं बूड आणि स्टॉप पिन यांच्यामध्ये फीलर गेजची सर्वांत पातळ पट्टी घालून बघा. पातं पूर्ण उघडं असताना ती शिरली तर बूड पिनवर टेकतच नाही. बूड टेकत असूनही टकटक असेल तर खटक्याचं तोंड दोषी. कारागीर यावर किंचित जाड स्टॉप पिन घालतात, काही शतांश मिलिमीटरने. पातं थोडं आधी थांबतं आणि पट्टीला पुन्हा पकडायला जागा मिळते. नव्या कस्टम चाकूत हा दोष दिसला तर दुरुस्त करून देण्याच्या आश्वासनावर घेऊ नका. परत करा.

जोर लावून बघणं

पाठ टेबलावर आपटून बघण्याची रीत व्हिडिओंमुळे फोफावली आहे. ती टाळा. आपटण्याचा जोर दर वेळी वेगळा असतो, धक्क्याने पट्टी क्षणभर उसळते, आणि चांगल्या चाकूच्या खटक्याच्या तोंडावर खळगा पडून ज्या दोषाची भीती होती तोच तयार होतो. हलकी ठोक चालते: हातमोजे घालून, बोटं पात्याच्या वाटेबाहेर ठेवून, फक्त मनगटाने, नरम लाकडावर पाच-सहा वेळा. एवढ्यातच खटका सुटत असेल तर पुढच्या चाचण्यांची गरज नाही.

दोन चाकूंची खरी तुलना संथ भाराने होते. मूठ शिकंज्यात धरा. जबड्यांना लाकडाच्या फळ्या लावा आणि लॉकबार जबड्याच्या बाहेर मोकळा राहील असं बघा, नाहीतर शिकंजाच खटक्याला आधार देईल आणि निकाल खोटा येईल. पात्याची पाठ वर ठेवा. पिव्हटपासून मोजून ७५ मिमीवर सुतळीचा फास घाला, आवरण घातलेल्या धारेखालून तो पाठीवर बसवा, खाली काटा अडकवा आणि पातं मिटण्याच्या दिशेने सावकाश ओढा. पाच किलोला थांबा, पट्टीची जागा बघा. दहाला पुन्हा. पंधराला थांबायचं. दोन्ही चाकूंना अंतर आणि भार तंतोतंत तेच. ओढताना पट्टी सरकते का, भार काढल्यावर जुन्या जागी येते का, एवढंच नोंदवा. भाराखाली थोडी पुढे गेली आणि तिथेच अडकून बसली तर उताराचा कोन आणि तोंडाची घासाई जुळत नाहीत. मागे, म्हणजे सुटण्याच्या दिशेने, केसभरही सरकली तर चाकू नापास, किंमत काहीही असो. पंधरा किलोच्या पुढे जाऊन काही नवं कळत नाही, नुसतं नुकसान होतं.

पिळाची चाचणी हातानेच. आवरण घातलेलं पातं लाकडाच्या दोन तुकड्यांत घट्ट धरायला दुसऱ्याला सांगा, मूठ आवळा आणि दोन्ही बाजूंना पिळा. फ्रेमलॉकमध्ये बोटं पट्टीवर असतात, ती तिला धरून ठेवतात. लायनरलॉकमध्ये तळव्याचं मांस फटीत शिरून पट्टी ढकलू शकतं. मागच्या दांडीच्या खटक्यात घट्ट पकडीत तळवाच दांडी दाबतो. स्पायडरको कंपनी काही चाकूंत दांडीवर चाकूकार डेव्हिड बॉय यांच्या नावाने ओळखली जाणारी खाच ठेवते, ती याचसाठी.

शेवटी मिटलेला चाकू पात्याचं तोंड खाली करून धरा आणि मनगटाला जोराचा झटका द्या. पातं बाहेर आलं तर त्याला धरून ठेवणारी गोळी कमजोर आहे. असा चाकू खिशात ठेवायचा नाही.

स्टील आणि त्याला दिलेलं पाणी

नावावर भाळू नका. एम३९० आणि सीपीएम २०सीव्ही यांची घडण जवळपास एकच. दोन्ही धार खूप दिवस टिकवतात, पण आघात सोसण्यात मध्यम. सीपीएम ३व्ही आघाताला फार चिवट, गंजाला मात्र अर्धवटच तोंड देणारं. कोकणच्या हवेत त्याला तेलाचा हात लागतो. २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट चिवटपणा आणि गंजरोध यांचा चांगला मेळ घालतं. ६२ ते ६४ रॉकवेलला (रॉकवेल हे कडकपणाचं माप) पाणी दिलेलं मॅग्नाकट दणकट घडीच्या चाकूसाठी आज आमची पहिली पसंती. एस३५व्हीएन ५९ ते ६१ ला ठीक. मात्र चांगल्या स्टीलला वाईट पाणी दिलं तर ते साध्या स्टीलपेक्षा वाईट वागतं, म्हणून कारागिराला दोन प्रश्न थेट विचारा: पाणी कुणी दिलं, आणि या खेपेची रॉकवेल किती आली? नेमका आकडा न सांगता "साठच्या आसपास" असं उत्तर आलं तर तेही वहीत लिहा.

खात्री हवी तर भोसरी, चाकण किंवा अंबडच्या औद्योगिक भागात हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांकडे रॉकवेलचं यंत्र असतं. बुडाच्या मिटल्यावर झाकल्या जाणाऱ्या भागावर मोजायला सांगा. बारीक खळगा कायमचा राहतो आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते, तेव्हा विकायचा चाकू तिकडे नेऊ नका.

घरच्या चाचणीआधी धार स्वतः दोन-तीनदा लावून घ्या. कारखान्यातली किंवा कारागिराची पहिली धार घासाईच्या यंत्रपट्ट्यावर तापलेली असू शकते, आणि त्या जळक्या काठावरून स्टीलला दोष देणं अन्यायाचं. दोन्ही चाकूंना एकच कोन द्या, दर बाजूला २० अंश चालेल. मग पितळी कांडी टेबलावर पक्की करून धार तिच्यावर साधारण १५ अंशांत टेकवा आणि काठ किंचित वाकेल एवढा दाब देत ओढा. टॉर्चच्या उजेडात काठ वाकताना दिसतो. सोडल्यावर सरळ झाला तर पाणी बरोबर. वाकलेलाच राहिला तर मऊ. कपचा उडाला तर ठिसूळ, किंवा धारेमागची जाडी फारच कमी. या दोन कारणांतलं कुठलं ते तुमच्या आधीच्या मापावरून कळेल. त्यानंतर बाभळीच्या वाळक्या फांदीची गाठ सोला आणि काठ भिंगाखाली धरा. धार लागायला सोपी आणि लवकर बोथट होणारी असेल तर ती सहसा पुन्हा सरळ करता येते. कपचे उडणारी धार घासूनच काढावी लागते.

उघडून बघताना

आधी वॉरंटीची अट वाचा. काही कारागीर चाकू उघडला तर जबाबदारी झटकतात, रीव्ह यांची कंपनी मात्र चाकूसोबत तो उघडायचा पाना देते. पिव्हटच्या स्क्रूला आधी हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करा, म्हणजे लॉकटाइट सैल होतो आणि डोकं वाचतं. सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कापडावर मांडा.

वॉशर फॉस्फर ब्राँझचे असतील तर ते रुंद आणि सपाट हवेत. आडवा जोर त्यांच्या पूर्ण पृष्ठावर वाटला जातो. बेअरिंग असेल तर पातं मुलायम उघडतं, पण गोळ्या फक्त बिंदूंवर टेकतात. त्या थेट टायटॅनियमवर फिरत असतील तर गोल कडं उमटलेलं दिसेल, आणि त्या कड्यातून आडवी हालचाल सुरू होते. गोळ्यांखाली कडक स्टीलची चकती असेल तर काळजी नाही. निव्वळ ताकदीसाठी ब्राँझ, झटक्यात उघडण्यासाठी बेअरिंग. दोन्ही एकदम हवं असेल तर चकती असलेलंच घ्या.

मुठीच्या आतून वजन कमी करायला कोरलेले खळगे पिव्हट आणि स्टॉप पिनच्या भोकांपासून किती लांब आहेत ते मोजा. तीन-चार मिमीची भिंत हवी. स्टॉप पिन दोन्ही पट्ट्यांत घट्ट बसलेली हवी. नुसती एका पट्टीत अडकलेली असेल तर ती कधीतरी तिरकी होणार. आटे टायटॅनियममध्येच पाडले असतील तर स्क्रू निदान त्याच्या व्यासाइतका आत गेला पाहिजे.

दर्जाच्या रकान्यात भर घालणाऱ्या खुणा पटकन बघून होतात: मिटलेलं पातं मधोमध आहे का, दोन्ही बाजूंच्या घासाईच्या रेघा एकाच उंचीवर सुरू होतात का, मुठीच्या कडा हाताला टोचतात का, स्क्रूची डोकी एका पातळीत आहेत का. पातं मधोमध नसणं डोळ्याला खुपतं, पण ताकदीशी त्याचा जवळपास संबंध नाही. घासाई दोन बाजूंना वेगळी असणं मात्र गंभीर, कारण धार मध्यरेषेवरून सरकलेली असते आणि कापताना चाकू एका बाजूला पळतो.

गुण कसे द्यायचे

दर्जाच्या रकान्यात गुणांची बेरीज चालते. ताकदीच्या रकान्यात नाही. तिथे प्रत्येक सांध्याला दहापैकी गुण द्या आणि सर्वांत कमी गुण हाच त्या चाकूचा निकाल. समजा एकाला पातं ९, पिव्हट ९, मूठ ८ आणि खटका ४ मिळाले, दुसऱ्याला सगळीकडे ६. बेरजेत पहिला ३०, दुसरा २४. ताकदीत पहिला ४, दुसरा ६. जाहिरातीतली छायाचित्रं पहिल्याची चांगली येतील, पण विकत घ्यायचा तो दुसरा.

किमतीत कस्टम म्हणून भर पडली असेल तर ती कशाची, तेही तपासा. सगळे भाग एका हाताने घडवलेला चाकू, आणि भाग बाहेरून यंत्रावर कापून आणून कारागिराने जुळवलेला मिडटेक, यांत ताकदीने फरक असेलच असं नाही. यंत्रावर कापलेली भोकं बऱ्याचदा हातापेक्षा नेमकी असतात. खटक्याच्या तोंडाची जुळणी मात्र हातानेच साधते, म्हणून मिडटेकमध्ये तेवढं काम कारागीर स्वतः करतो का, एवढं विचारून घ्या.

जुना चाकू घेताना पट्टी किती टक्के आत आली आहे याचा पातं उघडलेलं, वरून काढलेला फोटो मागा आणि दुसरा मुठीच्या आतल्या बाजूचा. घेतल्यावर पहिल्या दिवशी स्वतः तसाच फोटो काढून ठेवा आणि महिनाभर रोजच्या कामात वापरून पुन्हा काढा. पाच टक्क्यांच्या आत सरकली असेल तर पट्टी बसते आहे. पंधरा टक्के सरकली असेल तर वॉरंटीची मुदत संपण्याआधी कारागिराकडे पाठवा.